पूर्वेकडे पाय

आई गेली तेव्हा मला रडू आले नाही. सुटली, एवढेच वाटले. हाडांत शिरलेल्या कर्करोगाने तिला शेवटी कूस बदलणेही अशक्य झाले होते, आणि उशाशी बसून प्रार्थना करताना माझे शब्द कुणापर्यंत पोहोचतात की नाही, अशी शंका मला येऊ लागली होती. तिने मागितले ते एकच. "मला पूर्वेकडे पाय करून ठेव. प्रभू तिकडून येईल तेव्हा उठल्या उठल्या त्याचं तोंड दिसू दे."

पाथर्डीजवळच्या आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत वडिलांशेजारी तिची जागा राखलेली होती. माझा आतेभाऊ शांतवन आणि शेजारचे दोघे पहार-कुदळ घेऊन लागले, आणि गुडघाभर खोलीवर काळा खडक लागला. ऊन उतरू लागले. पाळकसाहेब ताटकळले होते, शवपेटी लिंबाखाली होती. मऊ मुरूम सापडला तो फक्त वडिलांच्या पायथ्याशी, आणि तोही दक्षिणोत्तर पट्ट्यात.

"ताई, खडकाला दिशा कळत न्हाई," शांतवन घाम पुसत म्हणाला. "मामी आडव्या झोपतील. मामांना उठताना वलांडून जावं लागंल, एवढंच."

बाकीचे हसले. मी कुंपणापाशी जाऊन बसले, आणि तिथे मात्र मला रडू फुटले. इतके सोसून तिने एवढीशी गोष्ट मागितली होती, आणि देवाने तीही दिली नाही.

कुंपणापलीकडे एक अनोळखी म्हातारी शेळ्या चारत होती. "कोन गेलं गं?" तिने विचारले. मी सांगितले. दिशेचेही, आणि प्रभू येऊन मेलेल्यांना हाक मारून उठवील हेही सांगून टाकले, का कोण जाणे.

"पर त्यो हाक मारनार हाय ना?"

"हो."

"मंग?" शेळ्यांकडे पाठ करून तिने नुसता 'हुर्रर्र' असा आवाज काढला. चार दिशांना तोंडे करून चरणाऱ्या सगळ्या शेळ्यांनी माना वळवल्या. "ह्या वळत्यात, आन् तुजी आई वळनार न्हाई व्हय? येडी का काय!"

रडता रडता मला हसू आले. मग ती बाग आठवली, जिची गोष्ट रविवारच्या शाळेत मी मुलांना कितीदा सांगितली आहे: प्रभूच्या रिकाम्या कबरेपाशी रडणारी बाई, आणि मरणातून उठलेला प्रभू उभा तिच्या पाठीमागे. तिनेही हाक ऐकून वळल्यावरच त्याला ओळखले होते. जिला कूस बदलता येत नव्हती, ती माझी आई त्या हाकेला वळेल, याविषयी मग मला शंका उरली नाही. मी उठून खड्ड्याकडे गेले. "आडवीच खणा," मी शांतवनला आणि त्या दोघांना म्हटले.

पुढे बाजारात ती म्हातारी भेटली. मी आभार मानू लागले, तर तिला काहीच आठवेना. "शेळी घ्याची हाय का?" एवढेच तिने विचारले.

दिशा सांभाळणे माझ्याकडे नव्हतेच, हे मला उशिरा कळले, आणि कळले तेव्हा फार हलके वाटले. ईस्टरच्या पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत गेलो. सूर्य आईच्या डाव्या अंगाने वर आला. झोपलेल्याला उठवताना खांद्याला हात लावावा, तसे ऊन तिच्या मातीवर पडले होते.