स्क्रीनवरचा चार

फरहीन शिकलगार आमच्याकडं कामाला आली तेव्हा अण्णासोंनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, "सोल्डरिंग येतं का गं?"

"येतं. पण बरं न्हाय येत," ती म्हणाली.

अण्णासो हसले आणि तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. सोल्डरिंग माझ्याकडंच राहिलं. तेव्हापासून साडेसहा वर्षं आमची टेबलं एकमेकांना लागून होती.

आमचा कारखाना म्हणजे उचगावातल्या पत्र्याच्या दोन खोल्या. अण्णासो मालक, आम्ही दोघी, आणि पॅकिंगला आणखी दोन बायका. आम्ही गॅस मोजायची खोकी करतो. दूध गार करायच्या केंद्रात अमोनिया असतो. तो गळला तर किती गळला हे खोकं मोजतं आणि शेजारच्या खोलीतल्या स्क्रीनवर आकडा दिसतो. आकडा पंचवीसच्या वर असेल तर मास्क लावल्याशिवाय आत जायचं नाही, असा नियम. खोकं आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. खोक्याचं म्हणणं तोच कॉम्प्युटरपर्यंत पोचवतो. तो फरहीनताईनं लिहिला होता, सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत, कामाला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात. सहा वर्षं त्याची एकही तक्रार आली नाही.

ती पेठ वडगावहून स्कूटीवर यायची. बोलणं कमी. डब्यात रोज भाकरी आणि काहीतरी सुकं. वडील, दिलदारचाचा, वडगावच्या बाजारात कात्र्या-विळ्यांना धार लावायचे. त्यांची एक सवय हिच्यात उतरली होती: काम झालं की ते पुन्हा उलटसुलट करून बघायचं.

एप्रिलमध्ये एका दूध केंद्रात अमोनिया गळला. दुपारची वेळ होती. कृष्णात नावाचा ऑपरेटर ड्युटीवर होता. वास आला, पण तिथं थोडा वास रोजचाच. म्हणून तर आकडा बघायचा. त्यानं स्क्रीन बघितली. चार होता. व्हॉल्व्ह बंद करायला तो तसाच आत गेला. पंधरा मिनिटांनी लोकांनी त्याला पायरीवरून ओढून बाहेर काढलं. जीव वाचला, पण फुप्फुसं भाजली आणि एका डोळ्यावर पांढरं आलं.

चौकशी झाली. खोक्याची केबल हादऱ्यानं सुटलेली सापडली. अहवालात लिहिलं की केबल सैल होती आणि कामगार मास्क न लावता आत गेला. धावपळीत कुणीतरी मेन स्विच पाडला होता, त्यामुळं स्क्रीनवर चार होता हे एकट्या कृष्णातचं म्हणणं, ते कुणी धरलं नाही. अण्णासो अहवालाची झेरॉक्स घेऊन आले आणि खुर्चीत टेकले. "आपल्यावर काय न्हाय," ते म्हणाले. "सुटलो."

फरहीनताईनं तो कागद दोनदा वाचला. मग मला म्हणाली, "शिवानी, केबल सुटली तर स्क्रीन कोरी व्हायला पायजे. त्याला चार कसा दिसला?"

"चुकून वाचला असंल."

"असंल," ती म्हणाली, आणि एक खोकं टेबलावर घेऊन बसली.

त्या दिवशी मी केबल ओढत होते आणि ती स्क्रीन बघत होती. ओढली की स्क्रीन कोरी. पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची. माझी बोटं दुखायला लागली. चहा झाला, पॅकिंगवाल्या घरी जायची तयारी करायला लागल्या. तेवढ्यात मी केबल ओढली आणि आकडा तसाच राहिला. बारा. केबल माझ्या हातात लोंबत होती आणि स्क्रीनवर बारा.

"हात लावू नको कशाला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी ऐकूच आलं नाही.

आम्ही दहा मिनिटं बघत बसलो. बारा हलला नाही.

नंतर तिनं मला समजेल असं सांगितलं. खोकं जोडलं की ड्रायव्हर त्याची माहिती ठेवायला कॉम्प्युटरकडून थोडी जागा मागून घेतो. खोकं सुटलं की ती जागा परत करतो. पण नेमक्या त्याच क्षणी कुणी तिथला आकडा वाचत असेल, तर वाचणाऱ्याला जागा परत गेल्याचं कळत नाही. तो तिथंच वाचत राहतो. जागा आता आपली नसते, पण जुना आकडा अजून पुसलेला नसतो.

"किती वेळा ओढली आपण?" मी विचारलं.

"दोनशे अकरा. त्यातनं एकदा." ती टेबलाकडं बघत होती. "मी हे सहा वर्षांपूर्वी बघायला पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी तिनं अण्णासोंना सगळं दाखवलं. केंद्राला पत्र लिहायचं म्हणाली. अण्णासोंनी केबल हातात घेऊन बघितली. वाईट माणूस नव्हे तो. जळलेल्या मोटारींची तार गुंडाळत गुंडाळत इथवर आलेला. "पोरी, कागद झालाय, मिटलंय," ते म्हणाले. "पाच घरं चालत्यात ह्यावर. तू दुरुस्त कर, सगळीकडं नवीन टाकू. पत्र नको."

ती काही बोलली नाही. आणि हेच तिला पुढं सगळ्यात जास्त खात राहिलं, की त्या दिवशी ती काही बोलली नाही.

तिनं ड्रायव्हर नव्यानं लिहायला घेतला, रस्ट नावाच्या भाषेत. ती भाषा शिकण्यापासून सुरुवात. तीन महिने गेले. तिचा प्रोग्रॅम कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा नाकारायचा. लाल अक्षरांनी स्क्रीन भरायची. एकदा मी म्हटलं, "काय म्हणतंय गं एवढं?"

"म्हणतंय, खोकं हाय का गेलं हे विचारल्याशिवाय त्याच्या आकड्याला हात लावायचा न्हाय. आणि आत कोण वाचत असंल तर ते बाहेर येईतोवर जागा मोडायची न्हाय." तिनं एक लाल ओळ खोडली. "माझ्यावर इस्वासच ठेवत न्हाय ते."

"मग?"

"बरं करतंय."

तरी काही ओळी अशा उरल्या जिथं थेट खोक्याशी बोलायचं होतं. तिथं भाषा स्वतः खात्री देत नाही, लिहिणाऱ्याचा शब्द घेते. सुरुवातीला अशा अकरा जागा होत्या. घासून घासून तिनं त्या तीनवर आणल्या. प्रत्येक जागेच्या वर, हे बरोबर का आहे, ते मराठीत लिहिलं. तेवढं लिहायला तिला आठवडा लागला. नव्या ड्रायव्हरवर मी तीन दिवस केबल ओढली. दर वेळी स्क्रीन कोरी.

अण्णासोंनी सगळीकडं तो बसवला. कारण कुणालाच सांगितलं नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी तिचा फोन आला. "माझ्यासंगं येशील का? कृष्णातकडं जायाचं हाय."

त्याचं घर वडगावच्या पलीकडं. दार उघडलं त्याच्या आईनं, शेवंताबाईंनी. कृष्णात भिंतीला टेकून बसला होता, चाळिशीचा माणूस साठीचा दिसत होता. दोन शब्द बोलून श्वास घ्यायचा. फरहीनताईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगितलं, ड्रायव्हर कुणी लिहिला, काय चुकलं, कसं सापडलं.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे... चारच हुता?"

"चारच आसणार. तुमी बरोबर वाचला."

त्यानं मान खाली घातली. "समदी म्हणायची... ह्यानं बघितलंच न्हाय. मग मलाबी... वाटाय लागलं. चाळीस हुतं... आन मी चार वाचलं." श्वास घेतला. "चार महिनं... तेच दिसतंय. कवा चार. कवा चाळीस."

फरहीनताई खाली बसली आणि रडायला लागली. शेवंताबाईंनी तिला उगी केलं नाही. त्या म्हणाल्या, "बाई, रडून काय व्हायचंय? हे कागदावर दे."

वहीचं पान फाडून तिनं तिथंच लिहून दिलं. खाली सही केली, तारीख घातली. कॉम्प्युटरमधलं काहीच तिनं एवढ्या हळू लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

शेवंताबाईंनी तो कागद चौकशीवाल्यांकडं नेला आणि पुढं जे व्हायचं ते झालं. केंद्रानं आमची खोकी काढून टाकली, मग आणखी तिघांनी काढली. अण्णासोंनी तिला जा म्हटलं नाही, फक्त तिच्याशी बोलणं सोडलं. महिन्याभरानं तिनं स्वतःच राजीनामा दिला. पॅकिंगच्या बायकांना घरी बसावं लागलं. त्यातली एक मला बाजारात भेटली आणि फरहीनचं नाव काढल्यावर पुढं निघून गेली. चौकशी पुन्हा उघडली, पण तारखा पडत राहिल्या.

कृष्णात फेब्रुवारीत गेला. साध्या सर्दीचं निमित्त झालं. निकाल लागला नव्हता. आम्ही दोघी मातीला गेलो. बायकांच्यात बसायचं धाडस तिला झालं नाही. ती रस्त्याच्या कडेला स्कूटीपाशी उभी होती. शेवंताबाईंनी तिला पाहिलं, पण बोलावलं नाही आणि हाकललंही नाही.

आता ती घरातूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते, ड्रायव्हरचंच. परवा भेटले तेव्हा म्हणाली, नवीन काम आलं की ती आधी विचारते, हे यंत्र कुठल्या खोलीत बसणार, तिथं कोण काम करतं.

"मग काय सांगतात?"

"सांगतात, ते तुमच्याकडं येत न्हाय."

आणि ती दिलदारचाचांसाठी औषध घ्यायला दुकानाची पायरी चढली.