नंबर कोणाचा टाकू?

देवळीच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सगळं एका छपराखाली! माणूस खुर्चीत टेकला की आपणहून सांगायला लागतो. जन्मतारीख, जात, उत्पन्न, कोणत्या भावाशी बोलणं बंद आहे, सगळंच. डॉक्टरला सांगायला लाजतील ते माझ्या प्रिंटरसमोर मोकळेपणानं बोलतात. अशानं किस्से साचणार नाहीत तर काय होईल? नावं मी बदलली आहेत. तरी कोणी ओळखू आलंच, तर ओळख दाखवू नका!

*

लेकीकडे मुक्कामाला आलेले गिरडचे एक आजोबा फॉर्म भरायला आले. त्यांच्या फोनवर ओटीपी आला.

"सांगा आजोबा."

"नाई सांगत! ओटीपी कोणाले सांगायचा नाई म्हणते."

"अहो, फॉर्म तुमचाच आहे."

"म्हणून तर!"

मी कीबोर्ड त्यांच्याकडे फिरवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. आजोबांनी डाव्या हाताचा आडोसा केला आणि उजव्या हाताच्या एका बोटानं नंबर दाबला. स्क्रीनवर 'चुकीचा ओटीपी' आलं. तसे आजोबा फोन लांब धरून गरजले, "चुकीचा कसा? चार-सात-दोन-नऊ-एक-सहा! बरोबर तर टाकलं!"

बाकावर बसलेले तिघं एका सुरात म्हणाले, "आजोबा, नऊच्या जागी तुमी आठ दाबला ना!"

*

शेजारी गजाननभाऊंची भज्यांची गाडी आहे. माझ्याकडच्या बिघडलेल्या झेरॉक्स ते पुड्या बांधायला न्यायचे. कागद वाया जात नाही, म्हणून मीही खूश होते.

एक दिवस आदल्याच दिवशीचं एक गिऱ्हाईक भजी खात खात आत आलं आणि त्यानं पुडीचा कागद माझ्यासमोर पसरला. "मॅडम, हा मी!"

खरंच, त्याचंच आधार कार्ड! कपाळावर तळलेली मिरची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस दिलदार. म्हणाला, "इतकी वर्षं आधार घेऊन फिरून राह्यलो, आज पयल्यांदा त्यात काही भेटलं. ते भी गरम!"

त्या दिवसापासून मी खराब कागदाचे आठ तुकडे करूनच टाकते. गजाननभाऊ अजून फुगलेले आहेत. "मॅडम, तुमच्या कागदात आता एक मिरची भी मावत नाई!"

*

मग नवऱ्यानं हौसेनं दुकानात कॅमेरा बसवला. त्याचं ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं, आणि 'आईला करमणूक होईल' म्हणून सासूबाईंच्या फोनवरही टाकून दिलं. झाली की करमणूक! घरबसल्या दिवसभर दुकान बघायचं.

"वंदना, दीड वाजला. डबा काऊन नाई उघडला?"

"वंदना, तो निळ्या शर्टवाला मघापासून उभा आहे. त्याले खुर्ची दे!"

माझा जीव मेटाकुटीला आला. जांभई द्यायची चोरी! शेवटी सोडवलं एका गिऱ्हाईक बाईनं. तिनं वर बघून विचारलं, "हे कोण पाहून राह्यलं?"

"माझ्या सासूबाई."

बाईनं डोक्यावर पदर घेतला, कॅमेऱ्याला हात जोडले आणि म्हणाली, "मावशी, मी माह्या बिमारीचा कागद काढाले आली. जरा तिकडं तोंड करा!"

दोन मिनिटांत सासूबाईंचा फोन. "माह्यं चुकलं ग माय. ते ॲप काढून टाकाले सांग त्याले." आता कॅमेरा फक्त दाराकडे बघतो आणि सासूबाई मालिका बघतात.

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण सांगायला पाहिजे, कारण चूक माझी होती. एका कापड दुकानातल्या नोकराचा मी नागपूरच्या नोकरीचा अर्ज भरला होता. बाजारात तो दिसला तसं मी आपुलकीनं विचारलं, "काय दादा, आलं का नागपूरचं बोलावणं?"

त्याच्या शेजारी त्याचा शेठ उभा होता.

त्याची नोकरी गेली नाही, पण तो माझ्या दुकानात परत कधी आला नाही. रस्त्यात दिसला की आजही मलाच मान खाली घालावी लागते. तेव्हापासून मी एक नियम केला. दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर भेटलं, तर फक्त "जेवण झालं का?" एवढंच विचारायचं.

*

आणि आता नंदाबाई. वय बेचाळीस, गाव देवळीपासून जवळच. नववीत असताना लग्न झालं आणि शाळा सुटली ती सुटलीच. सोयाबीन काढायच्या आधी एका दुपारी त्या आल्या आणि दुकान रिकामं होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ताई, बाहेरून दहावीले बसता येते म्हणते. माहा फॉर्म भरून द्या. पर कोणाले सांगू नोका. घरी तर बिलकुलच नाई. नापास झाली तर सारं गाव हसन. पास झाली का मीच सांगन."

मी शब्द दिला. फॉर्म भरता भरता सवयीनं विचारलं, "नंबर कोणाचा टाकू?" त्यांनीही सवयीनं नवऱ्याचा नंबर तोंडपाठ सांगितला. त्यांचा स्वतःचा नव्हताच. आमच्याकडे बहुतेक बायकांचं असंच. फॉर्म बायकोचा, मेसेज नवऱ्याला! मी 'सबमिट' दाबलं, नंदाबाई हसत हसत गेल्या, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेसेज तर गेला! नुकताच दिलेला शब्द एका बटणात मोडला. आता त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

दुसऱ्या दिवशी शटर उघडते तर समोर त्यांचे मालक, देविदासभाऊ. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. "ताई, हे काय आलं?"

मला कापड दुकानातला तो माणूस आठवला. म्हटलं, "भाऊ, गिऱ्हाइकाचं मी काही सांगत नाही."

"नोका सांगू. मले वाचता येते. नंदाचं नाव आहे, दहावी लिवलं आहे." त्यांनी फोन उचलून खिशात टाकला. मग म्हणाले, "मी इथं आलतो, हे तिले सांगू नोका."

"का हो?"

"तिनं मले नाई सांगतलं, म्हणजे ते तिचं आहे ना. तिच्या मनात येईन तवा सांगन. मी काऊन मधात घुसू?" दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "फक्त पेपर कोणत्या दिवशी असते, तेवढं समजलं असतं तर बरं होतं."

मी म्हटलं, "नंदाबाईंचं मी सांगणार नाही. पण दहावीचं वेळापत्रक सगळ्यांसाठीच असतं. निघालं की दारावर लावते."

मेसेज त्यांनी वाचले, नंदाबाईंना कळू दिलं नाही. दारावर वेळापत्रक लागलं तसं येऊन त्याचा फोटो काढून नेला. परीक्षा देवळीलाच होती. पेपरच्या दिवशी सकाळी देविदासभाऊ विहिरीवरची मोटार दुचाकीला बांधायचे आणि म्हणायचे, "मोटार बिघडली, देवळीले दाखवून आणतो. संगं चालतं काय?" नंदाबाई म्हणायच्या, "चाला. मी तिथं बहिणीकडे बसन तवर." असे नऊ पेपर झाले.

शेवटचा पेपर देऊन नंदाबाई माझ्याकडे आल्या. बोटांना शाई, चेहरा असा उजळलेला की माझेच डोळे भरून आले. म्हटलं, "घरी काही कळलं तर नाही ना?"

तोंडाला पदर लावून त्या किती तरी वेळ हसत राहिल्या.

"नाई हो ताई! आमचा माणूस लय भोळा. एकच मोटार नऊ खेपा दुरुस्तीले आणली! तो मेकॅनिक त्याले फसवून राह्यला, अन् याले पत्ताच नाई!"