खाली दाबली की वर येते

नरसू अक्कानं पाणबुडी बुडवली, ही बातमी विशाखापट्टणमच्या आमच्या वसाहतीत अक्काच्याही आधी पोचली. दुपारपर्यंत बातमीला पाय फुटले. अक्का म्हणे तलावाच्या काठावर पदर खोचून उभी होती आणि अंगात आल्यासारखी ओरडत होती, "खाली दाब, अजून खाली दाब." बिचाऱ्या पोरानं दाबली. गेली तळाला.

आता खरं काय ते ऐका. पाणबुडी होती, पण माणसाच्या उंचीएवढी, पिवळी, आत कुणी नसलेली. बंदराचा तळ तपासायला पुढं तिची मोठी बहीण बनायची होती. ती बुडाली, हेही खरं. पण अक्कानं बुडवली नव्हती. आणि 'खाली दाब' असं अक्का ओरडली होती, हे मात्र शंभर टक्के खरं.

गोर्ले अप्पलनरसम्मा हे तिचं पूर्ण नाव. ते हाक मारून संपेपर्यंत बस निघून जाते, म्हणून ती सगळ्यांची नरसू अक्का. पाणबुडीनं कुठं वळायचं, किती खोलीवर राहायचं, हे शेपटीच्या पात्यांवर ठरतं आणि ती पाती आखणं हे अक्काचं काम. ऑफिसात कॉम्प्युटरवर आखायची आणि घरी दुधी भोपळ्याला पुठ्ठ्याची पाती खोचून मोरीतल्या पिंपात सोडायची. इतरांची पाती अधिकाच्या चिन्हासारखी, हिची फुलीसारखी तिरकी. चारही पाती मिळून वळवतात, म्हणून बोट कमी जागेत वळते, असं तिचं म्हणणं.

"लोकांच्या घरी भोपळा शिजतो," तिची सासू रमणम्मा शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे पोहायला शिकतो."

तर त्या सकाळी मुडसरलोवाच्या तलावात चाचणी होती. बोटीला मागून एक लांब वायर आणि काठावर खटका हातात धरून अक्काचा मदतनीस चलपती. हा चलपती इतका अदबशीर, की बोलताना वाक्यागणिक अंडी घालतो. आमच्याकडे आदरानं बोलायचं तर शेवटी 'अंडी' लावतातच, पण चलपतीची खुराड्यात मावत नाहीत.

"वेग सोडू नकोस," एवढं त्याला बजावून अक्का गाड्यावर गरम पुनुगुलू, म्हणजे इडलीच्या पिठाची भजी, घ्यायला गेली. चलपती घाबरट. त्यानं वेग सोडला. बोट जराशी खाली बसली. त्यानं खटका वर ओढला. ती आणखी खाली. काठावरचे सगळे ओरडायला लागले, वर ओढ, वर ओढ.

"ओढतोय अंडी. खाली जातेय अंडी. आणखी ओढतोय अंडी."

अक्का हातातला द्रोण सांडत पळत आली. "खाली दाब रे. खाली दाब म्हणजे वर येईल."

आधीच बुडणाऱ्या बोटीला खाली दाबायला सांगणारी बाई कुणी पाहिलीच नव्हती. चलपतीनं दाबायच्या आत बोट चिखलात रुतली. वायर ओढून, दोन कोळ्यांना उतरवून बाहेर काढली, तेव्हा तिच्या शेपटीला शेवाळाची वेणी होती.

अक्काचे साहेब अवधानीगारू. नाकातून बोलतात आणि प्रत्येक बोलण्याआधी घसा खाकरून 'म्हणजे काय की' म्हणतात. "म्हणजे काय की, तुम्ही तारा उलट्या जोडल्यात. वरची खाली, खालची वर. तुमची ती फुली पुरे झाली. म्हणजे काय की, शुक्रवारी एकदा बघू, नाहीतर शेपूट काढून जुनं लावू."

शेपूट म्हणजे अक्काची कित्येक वर्षं. भोपळे तर मोजायचीच सोय नाही.

संध्याकाळी ती जिन्यात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून समजावायला लागली. "हे बघ, नाक वर करायचं तर पात्यांना शेपूट खाली दाबावं लागतं. वेग असला की वर झालेल्या नाकामागून सगळं धड वर चढतं. वेग नसला तर नाक जेमतेम उचलतं आणि शेपूट खाली दाबलेलं तेवढंच उरतं. मग बसते खाली, म्हशीसारखी. म्हणून हळू असताना उलटं करायचं."

"हे तर घरातलंच आहे," आतून रमणम्मा म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला हळू सांगितलं की तो उलटंच करतो."

"अत्तय्या, तुम्ही ऑफिसात यायला हवं होतं."

"मी आले असते तर बोट बुडाली नसती. पुनुगुलू मी आणले असते."

शुक्रवारी सगळे पुन्हा काठावर. या वेळी चलपतीनंच अक्काला पाणी दिलं. बोट खोल गेली, वेग मुंगीचा. अक्का म्हणाली, "दाब खाली." चलपतीनं डोळे मिटून दाबलं. काही क्षण काहीच नाही. मग पाण्यातून पिवळी पाठ हळूच वर आली.

"म्हणजे काय की, तारा उलट्याच आहेत," अवधानीगारू म्हणाले.

"मग आता वेगात पळवून वर ओढायला सांगते. तारा उलट्या असतील तर चिखलात जाईल आणि मी स्वतः उतरून काढीन," अक्का म्हणाली.

बोट पुन्हा खोल गेली, पळाली, चलपतीनं वर ओढली आणि तिनं असं नाक काढलं की काठावरचा बगळा उडाला. तोच खटका, त्याच तारा. अवधानीगारूंनी खटका स्वतःच्या हातात घेतला. वेग कमी केला, वाढवला आणि मधेच कुठंतरी अडकले. वर ओढलं तरी तेवढीच खोल, खाली दाबलं तरी तेवढीच.

"म्हणजे काय की, ही ऐकतच नाही."

"तो मधला वेग, सर. तिथं मागच्या पात्यांनी खोली बदलत नाही. म्हणून तर पुढं कानांसारखी दोन पाती मागतेय मी. कान कुठल्याही वेगाला सरळच वागतात."

अवधानीगारू बराच वेळ खाकरले. "शेपूट राहू दे. आणि म्हणजे काय की, कान लावा."

"अभिनंदन अंडी," चलपती म्हणाला आणि रडला.

आता राहिली एक गोष्ट, जी मुद्दाम मागं ठेवली होती. त्या संध्याकाळी जिन्यात अक्काचं म्हणणं ऐकून हे लिहिणारा सगळ्यांदेखत बोलून बसला होता, की खाली दाबून बोट वर आली तर मिशी उतरवीन. मिशी म्हणजे काय, वरच्या ओठावर या वर्षीच उगवलेलं चार केसांचं रोप, पण पीळ भरायला पुरत होतं. शुक्रवारी अक्का ऑफिसातून थेट त्याच्या दारात आली, एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात आरसा, मागं रमणम्मा आणि अख्खा जिना.

वस्तरा ओठाला लागला तेव्हा अक्कानं पाठीवर थाप मारली.

"घाबरू नकोस रे. खाली उतरवलीस की वरच येते."