सईचं फुलपात्र

माझ्या सासऱ्यांइतका तत्त्वाचा माणूस अख्ख्या बडोद्यात सापडायचा नाही, आणि तत्त्वांनी ज्याचं इतकं वाटोळं केलं असा माणूसही दुसरा सापडायचा नाही. इतरांची तत्त्वं इतरांना छळतात. ह्यांची तत्त्वं सकाळी उठल्यापासून ह्यांच्याच मागे लागलेली. रिक्षात तिघांपेक्षा जास्त माणसं बसू नयेत हे एक तत्त्व, म्हणून हे चौथे असले की स्वतः उतरून भर उन्हात चालत निघणार. पंगतीत वाढप्याला नाही म्हणायचं नाही आणि पानात काही टाकायचं नाही हे दुसरं. त्यापायी माझ्याच लग्नात जिलबी खाऊन त्यांनी अंथरूण धरलं. आणि सगळ्यांत जुनं तत्त्व म्हणजे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ही रीत त्यांच्या आजोबांच्या काळातली, आता ती कुणी पाळत नाही. पण हे आमच्याकडे कारेलीबागेत यायचे ते फिरकीचा तांब्या हातात घेऊनच. पंख्याखाली बसायचं, फिरकी उघडायची, आपल्या घरचं पाणी घटाघटा प्यायचं आणि वर "छान गार आहे हं" म्हणून आमच्याकडे बघायचं. माझी बायको भडकायची. "बाबा, आमच्या नळाला काय झालंय?" त्यावर ते शांतपणे म्हणत, "तुझ्या नळाला काही झालेलं नाही ग. माझीच जीभ जुनी आहे."

सई झाली आणि आम्ही तिला दवाखान्यातून घरी घेऊन आलो, त्या दिवशी हे चपला काढायच्या आधीच दारातून ओरडले, "पाणी आण ग!" बायको तशा अवस्थेत उठायला लागली, म्हणून मीच पळत जाऊन आणलं. त्यांनी उभ्या उभ्या पेला रिकामा केला, दुसरा मागितला, मग तिसरा. आमच्या लग्नाच्या दिवसापासूनची तहान होती ती. बायको रडायला लागली. मी रडलो नाही, पण हा माणूस मला मनापासून आवडायला लागला तो त्या दिवसापासून.

त्यांनी जन्मभर सावली गावच्या शाळेत गणित शिकवलं, रोज बडोद्याहून एसटीने जाऊन-येऊन. रिटायर झाले तरी शिकवायची खोड गेली नाही. सोसायटीच्या वॉचमनला शिट्टी पोटातून कशी वाजवायची ते शिकवलं, आणि आमची दुपारची झोप गेली. मला स्कूटर स्टँडला लावायला शिकवली; मी ती कॉलेजपासून लावत होतो. प्रत्येक गोष्टीचे ते धडे पाडत, आणि मागचा धडा पक्का झाल्याशिवाय पुढचा घेत नसत. शिकवणीचा पैसा मात्र कधी घेतला नाही, तत्त्व म्हणून. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, हे एवढं तत्त्व सोडून वडिलांचं बाकी सगळं उचललं. त्याचे गणिताचे क्लास आधी हॉलमध्ये होते, मग पॅसेजमध्ये आले, आणि सासूबाई गेल्यावर त्याची नजर वडिलांच्या खोलीवर गेली. तिथे उजेड चांगला येतो ना! "बाबा, थोडे दिवस ताईकडे जा ने," तो म्हणाला, "सईला सांभाळायलाही कोणीतरी जोईएच." दुसऱ्या दिवशी खोलीत बाकं आली, पलंग गॅलरीत गेला, आणि फाटकावर सासऱ्यांच्या नावाची पाटी होती तिच्यावरच क्लासचा बोर्ड ठोकला गेला. पाटी काढण्याचेही कष्ट घेतले नाहीत. ते घर सासऱ्यांनी मास्तरकीच्या पगारातून बांधलेलं आहे आणि आमच्यापासून स्कूटरवर पाच मिनिटांवर आहे.

एक बॅग आणि तो तांब्या घेऊन ते आमच्याकडे आले. दारातच मला म्हणाले, "जावईबापू, मी राहायला आलेलो नाही. कामाला आलोय. पोरीची बाटली सोडवतो, तिला पेल्याने प्यायला शिकवतो आणि चाललो." डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की आता बाटली हळूहळू बंद करा आणि उघड्या पेल्याची सवय लावा. आम्ही दोघंही नोकरीवाले, दिवसभर बाहेर. लेकीच्या घरी फुकट राहायचं नाही ह्या तत्त्वाला तेवढा आधार पुरला.

मग सुरू झाली सईची शाळा. मी आणलेला झाकणाचा सिपर त्यांनी पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकला. "चोखायचंच असेल तर बाटली काय वाईट होती?" त्यांनी भांड्यांच्या दुकानात तासभर उभं राहून एक लहानसं स्टीलचं फुलपात्र निवडलं. काठावरून आधी स्वतःचा ओठ फिरवून बघितला, म्हणून दुकानदाराने ते विकतच घ्यायला लावलं. पहिला धडा रिकाम्या फुलपात्राचा: ते आपटायचं, चावायचं, डोक्यावर घालायचं. "वस्तूची भीती गेली पाहिजे." दुसऱ्या धड्यात तळाशी घोटभर पाणी. सईला लाळेरं बांधायचं नाही, टॉवेल आजोबांनी स्वतःच्या गळ्यात बांधायचा, कारण विद्यार्थ्याचे हात मोकळे हवेत आणि पाणी शेवटी मास्तरांच्याच अंगावर येतं. मग दोघं चटईवर समोरासमोर बसत. एक घोट आजोबांचा, एक घोट सईचा. आपला घोट झाला की ते "आऽऽह" असं इतक्या मोठ्याने म्हणत की शेजारच्या बेन घाबरून विचारायला आल्या, "दादाने कंई थयुं?" घरात 'सांडलं' हा शब्द बंद झाला. बायको एकदा ओल्या फरशीवरून घसरून आदळली आणि कळवळून म्हणाली, "किती सांडलंय!" तर सासऱ्यांनी तिला उठवायच्या आधी तिची चूक दुरुस्त केली: "सांडलं किती ते बघायचं नाही. उरलं किती ते बघायचं."

महिन्यांमागून महिने गेले. सई चालायला लागली, सोफ्यावर चढायला लागली, माझा मोबाइल कमोडमध्ये टाकण्याइतकी हुशार झाली, पण पेल्याचं काही जमेना. रोज संध्याकाळी आम्ही आलो की सासरे प्रात्यक्षिक घेत. सई फुलपात्र तोंडाशी नेई, आजोबांकडे बघे आणि सगळं पाणी खुशाल अंगावर ओतून घेई. "अजून कच्चं आहे," ते मान हलवत. "मनगट वळत नाही. घाई करून चालणार नाही." मला शंका यायला हवी होती, कारण आयुष्यात त्यांचा एकही विद्यार्थी इतके दिवस एका धड्यावर अडला नव्हता.

एका दुपारी डोकं दुखतं म्हणून मी ऑफिसातून लवकर आलो. माझ्या किल्लीने दार उघडलं आणि जागीच थबकलो. चटईवर दोघं बसले होते. सईने दोन्ही हातांनी फुलपात्र धरलं, भरलेलं दूध सावकाश पिऊन टाकलं, एक थेंब न सांडता, आणि मनगटाने तोंड पुसून "आऽऽह" केलं. आजोबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आता संध्याकाळी काय करायचं?" सईने रिकामं फुलपात्र झोकात डोक्यावर उपडं केलं आणि दोघं खदखदून हसले. मी दार हळूच ओढून घेतलं आणि खाली स्कूटरवर जाऊन बसलो. हसू आलं होतं, पण ते फार टिकलं नाही. स्वतःचं घर असलेल्या माणसाला राहायला जागा मिळावी म्हणून एवढ्याशा पोरीला हाताशी धरावं लागत होतं. मेहुणा त्या क्षणी समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. त्या संध्याकाळी सईने पाणी सांडलं तेव्हा मी मात्र मान हलवून म्हणालो, "कच्चंच आहे अजून."

भाऊबीजेला मेहुणा ओवाळून घ्यायला आला. फराळ झाला, चहा झाला. सासरे हातात फुलपात्र घेऊन बसले होते. "काय बाबा, अजून चालूच का तुमचं?" असं तो हसत म्हणतोय तोवर सई धावत आली. घरात पाहुणे, सगळ्यांचं लक्ष, आणि समोर तिचं फुलपात्र. तिने ते आजोबांच्या हातातून ओढून घेतलं, सगळं पाणी ऐटीत प्यायली, तोंड पुसलं आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिली. टाळ्या पडल्याच. मेहुण्याने तिला पुन्हा एकदा प्यायला लावून व्हिडिओ काढला. "सरस! म्हणजे काम पत्युं ने बाबा, संपलं! आता घरी यायला मोकळे. गॅलरीत पडदा लावलाय, मस्त हवा येते." सासरेही टाळ्या वाजवत होते. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. रात्री तो व्हिडिओ मेहुण्याच्या स्टेटसवर होता, वर 'बाबांची शिकवण, आमच्या क्लासची परंपरा' आणि खाली प्रवेशासाठी फोन नंबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग दाराशी होती. बायको रडून भांडली. "बाबा, तुम्हाला इथून कोण जा म्हणतंय?" "कुणीच नाही म्हणत. म्हणून तर जायचं." मी म्हणालो, "सईला अजून चमच्याने खाता येत नाही. बूट घालता येत नाहीत." ते हसले. "जावईबापू, मास्तरला अभ्यासक्रम वाढवून देता होय?" मग मला गॅलरीत बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "त्या दुपारी दाराचं कुलूप वाजलं ते मी ऐकलं होतं. तुम्ही बोलला नाहीत. पण मला सोसवेना हो. जन्मभर पोरांना पास करायला धडपडलो, आणि ह्या पोरीला रोज संध्याकाळी नापास करत होतो. एका खाटेपुरत्या जागेसाठी." बॅग मीच स्कूटरवर ठेवली आणि त्यांना पाच मिनिटांवरच्या त्यांच्या घरी सोडून आलो.

आता क्लास चालू असतो तोवर ते खाली फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. पोरं त्यांना वॉचमन समजून स्कूटर कुठे लावू म्हणून विचारतात, आणि ते स्टँडला कशी लावायची तेही दाखवतात. दर रविवारी ते आमच्याकडे येतात, आणि पहिल्याच रविवारी, सई झाल्यावर ती जुनी रीत फिटली होती तरी, त्यांच्या हातात पुन्हा फिरकीचा तांब्या होता. बायकोने तो पाहिला आणि आत निघून गेली. ते पंख्याखाली बसले, फिरकीला हात घातला, तेवढ्यात सई आपलं फुलपात्र घेऊन आली. एक घोट स्वतः प्यायली आणि उरलेलं पाणी त्यांच्या तोंडाला लावून उभी राहिली. शिकलेला धडा ती कशी विसरणार? त्यांनी फिरकीवरचा हात काढला आणि ते प्यायले. "हे लेकीच्या घरचं नव्हे," मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "नातीचं उष्टं आहे." पण त्यांचं ते "आऽऽह" काही आलं नाही, ते सईनेच त्यांच्या वतीने केलं.

तेव्हापासून दर रविवारी सईचं फुलपात्र मी भरून देतो. तिला खरं तर अर्धंच लागतं, पण मी ते काठोकाठ भरतो.