वीतभर इंजिन आणि मेलचा ड्रायव्हर

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले, तेव्हा इंग्लंडला असलेल्या पुतण्याने त्यांच्यासाठी एक खोका पाठवला. खोक्यावर काळ्या इंजिनाचं चित्र होतं. ह्यांनी चष्मा पुसून ते नीट बघितलं आणि खोका टेबलावर ठेवून दिला.

"शंटिंगचं आहे," म्हणाले.

आवाज असा पडलेला, की मला वाटलं कुणाच्या तब्येतीबद्दल बोलतायत. शंटिंगचं इंजिन म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं. ह्यांनी उमेदवारीत मनमाडला कोळसा टाकला, पुढे विजेच्या इंजिनावर गेले आणि नंतर निवृत्तीपर्यंत मेल चालवल्या. त्यांना शंटिंगचं इंजिन भेट देणं म्हणजे कलेक्टरला तलाठ्याची खुर्ची देण्यासारखं होतं.

खोका उघडला तर आत इंजिनच नाही. पितळेचे चार पातळ पत्रे. त्यांवर दारं, खिडक्या, पायऱ्या बारीक कोरलेल्या आणि सगळ्या एका चौकटीला चिकटलेल्या. शिवाय चाकं, एवढीशी मोटर, तारा आणि शिशासारखे मऊसर काही ओतीव भाग.

पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, ते सोल्डर करून जोडायचं असतं. तुमचा वेळ जाईल."

"इंजिन शेडमधले फिटर जोडून देतात," हे म्हणाले. "ड्रायव्हर जोडत नाही."

पण वेळ खरंच जात नव्हता. जेलरोडला आमच्या गॅलरीत उभं राहून हे दिवसभर गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि कुठली किती लेट आहे ते मला सांगायचे. तेवढ्याने भागेना, तेव्हा स्वयंपाकघरात येऊन "कुकरची तिसरी शिट्टी आखूड वाजली" म्हणायला लागले. मी तो खोका पुन्हा त्यांच्यासमोर नेऊन ठेवला.

त्यांनी बाजारातून आयर्न आणलं, म्हणजे सोल्डर करायचं ते विजेवर तापणारं टोकदार हत्यार. भाजी चिरायच्या फळीवर पत्रे मांडले आणि कामाला लागले. मी समोर मेथी निवडत बसले होते. सोल्डरची तार वितळून तिचा गोळा व्हायचा, मोत्यासारखा घरंगळायचा आणि थेट त्यांच्या लुंगीवर पडायचा. लुंगीला भोकं पडली, अंगठा भाजला, पण पत्र्याला पत्रा काही चिकटेना.

शेवटी मला राहवेना. "अहो, सोल्डर नका तापवू. पत्रा तापवा. पत्रा तापला की सोल्डर आपोआप पळतं."

"तुला काय माहीत?"

आता ह्याला काय म्हणायचं! अंबडच्या एमआयडीसीत मी अर्धं आयुष्य सोल्डरिंगच्या लाइनवर काढलं. पण ह्यांच्या लेखी मी 'कंपनीत जायचे', जसे माझ्या लेखी हे 'ड्युटीवर जायचे'. त्यापलीकडे दोघांनीही कधी विचारलं नव्हतं. हे घरी यायचे तेव्हा मी निघालेली असायचे, मी यायचे तेव्हा हे झोपलेले.

मी मेथी त्यांच्याकडे सरकवली. "ही निवडा."

आयर्न हातात घेतलं. टोक ओल्या फडक्यावर पुसलं, सांध्याला फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट पसरवणाऱ्या द्रवाचा, थेंब लावला, पत्रा तापू दिला आणि सोल्डरची तार नुसती टेकवली. सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चांदीची रेघ पळत गेली.

हे बघतच राहिले. "तू हे रोज करायचीस?"

"रोज."

"दिवसभर?"

"मध्ये जेवणाची सुट्टी असायची."

त्यांनी दिवा उचलून माझ्या हाताजवळ आणून ठेवला आणि मान खाली घालून मेथी निवडायला लागले. त्या दिवशीच्या भाजीत पानांपेक्षा काड्या जास्त होत्या. मी मुकाट्याने खाल्ली.

मग जेवणाचं टेबल शेड झालं आणि आम्ही सोफ्यावर ताट घेऊन जेवायला लागलो. जोडायचं काम माझं. चिमट्याने भाग धरायचे, फुंकर मारायची आणि सूचना वाचायच्या ते काम ह्यांचं. हुद्दा हेल्परचा असला तरी आवाज ड्रायव्हरचाच होता. एखादी पायरी मी आधी लावली की लगेच, "क्रम मोडायचा नाही. पुस्तकात आधी ब्रेकची दांडी आहे." पण प्रत्येक भाग हातात देताना तो कशाचा आहे तेही सांगायचे. "हा वाळूचा डबा. चाक घसरायला लागलं की रुळावर वाळू सोडायची." मला इतकी वर्षं वाटायचं, रूळ आहेत म्हटल्यावर गाडी आपली आपण जाते.

एकदा चिमट्यातून बफर उडालं. बफर म्हणजे इंजिनाच्या नाकाडाशी धक्का सोसायला असतात त्या दोन गोल टोप्या, त्यातली एक. आम्ही दोघं टॉर्च घेऊन टेबलाखाली रांगत असताना शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या.

"काही हरवलं का हो?"

"बफर," हे टेबलाखालून म्हणाले.

वहिनी भल्या बाई. वाटी ठेवली, पदर खोचला आणि त्याही खाली उतरल्या. त्यांनी सोफ्याखालून माझं जुनं कानातलं काढलं, दोन काजू काढले, टीव्हीच्या रिमोटचं झाकण काढलं. बऱ्याच वेळाने गुडघे चोळत म्हणाल्या, "पण बफर म्हणजे दिसायला कसं असतं?" ते शेवटी सापडलं टेबलावर झाकायची राहिलेल्या आमच्याच विरजणाच्या वाटीत.

इंजिन उभं राहत गेलं तसे ह्यांचे हात शिवशिवायला लागले. "मला एक तरी सांधा करू दे," रोज म्हणायचे. धुराडं लावायची वेळ आली तेव्हा मी आयर्न त्यांच्या हाती दिलं. धुराडं त्या शिशासारख्या मऊ धातूचं होतं. मी बजावलं, "उष्णता कमी करा. हे पितळ नाही."

"मी कोळशाचं इंजिन तापवलंय," हे म्हणाले आणि आयर्न टेकवलं.

धुराडं आधी थोडं वाकलं, एखाद्याला डुलकी यावी तसं. मग कुल्फीसारखं खाली बसलं आणि इंजिनाच्या पाठीवरून वाहत टेबलावर आलं. आम्ही दोघं बघत होतो. माझ्या तोंडून एकदम माहेरचं निघालं, "हाई काय शे!" नामपूरची अहिराणी माझ्या जिभेवर फक्त रागात येते, हे ह्यांना ठाऊक आहे. त्यांनी हळूच आयर्न खाली ठेवलं.

"गेलं," म्हणाले. "धुराडं गेलं."

त्या दिवशी ते अर्ध्या भाकरीवर उठले. मलाही वाईट वाटलं. नवीन धुराडं इंग्लंडहून येणार कधी? दुसऱ्या दिवशी पूजा करताना माझी नजर उदबत्तीच्या पितळी घरावर गेली. वरचा भाग अगदी धुराड्यासारखा, मध्ये निमुळता आणि तोंडाशी पसरट. मी ते उचलून बाहेर आले.

"अगं, ते देवाचं आहे!"

"देवाला दुसरं आणू."

करवतीने वरचा तुकडा कापला, कानशीने घासला आणि या वेळी मीच बसवला. मूळच्या धुराड्याला असा रुबाब नव्हता. मग चिंचेचा कोळ घेऊन जुन्या दातांच्या ब्रशने अख्खं इंजिन घासलं. हे ओट्याशी उभे. "चाकांत पाणी जाईल," एवढंच पुटपुटत होते. वाळल्यावर काळा रंग दिला.

पहिल्यांदा चालवायचं तर तेही रीतसर. टेबलावर रूळ मांडले. "गार्डाने हिरवा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही," हे म्हणाले. गार्ड कोण? मी. मी हिरवा ब्लाऊजपीस हलवला. ह्यांनी ताठ बसून बटण फिरवलं आणि इंजिन डौलात मागे गेलं, टेबलाच्या कडेवरून उतरलं आणि त्यांच्या मांडीवर पडलं.

"उलटं गेलं! अख्ख्या नोकरीत माझं इंजिन कधी उलटं गेलं नाही."

मी मोटरच्या दोन तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून लावल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानंतर ते इतकं छान पळालं, की ह्यांच्या एका मित्राने गंगापूर रोडच्या मंगल कार्यालयात भरणाऱ्या छंदांच्या प्रदर्शनात आमचं नाव दिलं. आमच्या एका बाजूला पोस्टाची तिकिटं जमवणारे गृहस्थ होते, दुसऱ्या बाजूला बोन्सायवाल्या बाई. मी पिशवीत आयर्न घेतलं म्हणून हे वाटेत हसले होते. आपण काय आणलंय ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. इंजिन सुरू केलं तर धुराड्यातून धूर! ह्यांनी आत उदबत्तीचा तुकडा खोचला होता.

टेबलाभोवती ही गर्दी जमली. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण वाकून म्हणाला, "काका, भारी आहे! स्मोक युनिट कुठलं वापरलंय?"

"मोगरा," हे म्हणाले.

वास दरवळला तशी एक म्हातारी पुढे आली. तिने इंजिनाला हात जोडले, वेणीतलं शेवंतीचं फूल काढलं आणि भक्तिभावाने रुळावर वाहिलं. कुणी काही म्हणायच्या आत इंजिन फुलावर चढलं, कलंडलं आणि आडवं झालं. एक पायरी तुटून बाजूला पडली आणि उदबत्तीने टेबलक्लॉथला भोक पाडलं.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "अपघात," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले. म्हातारी "अरे देवा, अरे देवा" करायला लागली. मी तिला खुर्चीवर बसवलं, तिकीटवाल्यांच्या दिव्याचा प्लग काढून आयर्न लावलं आणि पायरीच्या जागचा रंग खरवडला. लोक आणखी जवळ सरकले. आणि मग माझ्या डोक्यावरून ह्यांचा आवाज आला, खणखणीत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा. "आता त्या पत्रा तापवतायत. सोल्डर तापवायचं नसतं बरं का. पत्रा तापला की सोल्डर आपोआप पळतं. बघा... पळालं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्यावाला म्हणाला, "काका, म्हणजे इंजिन तुम्ही दोघांनी मिळून बनवलं?"

"छे," हे म्हणाले. "मी फक्त धुराडं वितळवलं."

बक्षीस बोन्सायला मिळालं. आम्ही रिक्षाने घरी निघालो. द्वारका चौक ओलांडल्यावर हे म्हणाले, "पण ते झाड नुसतं उभं होतं."

त्या कॅमेऱ्यावाल्या पोराने काढलेला व्हिडिओ फिरत फिरत माझ्या कंपनीतल्या मैत्रिणींपर्यंत गेला. एका दुपारी दोघी घरी आल्या. त्यातली एक तपासणीला होती. तिच्या हातून निसटलेला खराब सांधा अख्ख्या कंपनीत कुणी पाहिलेला नाही. ह्यांना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

तिने पर्समधून भिंग काढलं, इंजिन उलटं केलं आणि एकेक सांधा बघत गेली. मग तिचं बोट थांबलं.

"ही पायरी कच्ची आहे गं."

"ती प्रदर्शनात केलीय," हे एकदम पुढे झाले. "गर्दीत. लोकांच्या देखत. हात जरासुद्धा हलला नाही तिचा."

"असेल हो भाऊजी. आमच्या लाइनवर चाललं नसतं."

मला हसू आलं, कारण ती खरं बोलत होती. मी आयर्न लावलं. एक म्हणाली इकडून तापव, दुसरी म्हणाली आधी जुनं सोल्डर काढ. मग तपासणीवालीने माझ्या हातातून आयर्न ओढून घेतलं आणि मी तिच्या हातातून. आम्ही तिघी टेबलावर ओणव्या झालो, लाइन बंद व्हायच्या आधी शेवटचा माल काढायचा असल्यासारख्या.

हे ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "चहा गार होतोय," म्हणाले. कुणीच वळून बघितलं नाही. त्यांनी ट्रे फ्रिजवर ठेवला, त्यातला आपला कप उचलला आणि आमच्या पाठीमागे उभं राहून भुरके मारत बघायला लागले.