घरच्या गाईची जोड

दरोडे विसरलो, दोन-चार खुनांचे तपासही पुसट झाले. पण सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेतली ती बैलजोडी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आठवण आली की आजही मी बसल्या जागेवरून उठतो आणि ओसरीवर येरझाऱ्या घालू लागतो. घरातली माणसे म्हणतात, "आता पेन्शन झाली, कशाला तापता?" तापतो, कारण त्या तपासाचा हिशेब कागदावर पुरा उतरला नाही.

माझ्या तिशीतली गोष्ट. इंग्रजी अंमल होता आणि मी हवालदार होतो. बाप जनावरांच्या बाजारात दलाल. शाळा मला थोडीच मिळाली. बाकी सगळे बाजाराने शिकवले. ज्याच्याशी सौदा करायचा त्याच्या बोलीत दोन शब्द टाकले की त्याची गाठ सैल होते, हे मला मिसरूड फुटण्याआधीच कळले होते. कानडी, तेलुगू, दखनी, तिन्ही बोली मला कामापुरत्या येत. म्हणून नव्या भरतीतले चार शिपाई ट्रेनिंगला पाठवण्याआधी तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. एक वळसंगकडचा, घरात कानडी. एक विणकरांच्या पेठेतला, घरात तेलुगू. एक शहरातला मुसलमान, दखनी बोलणारा. चौथा माळशिरसचा धनगर. त्याची भाषा मराठीच, पण साहेब लोकांना ती मराठी वाटत नसे.

मी कायद्याचे कलम आधी ज्याच्या त्याच्या बोलीत समजावून देई आणि मग मराठीत म्हणवून घेई. फौजदारसाहेबांना हे खपत नसे. ते शिकलेले, शुद्ध बोलणारे, थेट फौजदार म्हणूनच लागलेले. त्यांनी हुकूम दिला, ड्यूटीवर मराठीखेरीज शब्द काढायचा नाही. वळसंगचा बोलताना अडखळला की ते सर्वांदेखत म्हणत, "बैल आहेस का रे? तोंड उघड की!" तो मान खाली घाली. शेवटी त्यांनी ठरवले, हे चौघे ट्रेनिंगच्या लायक नाहीत. त्यांना घरी पाठवायचे.

वळसंगचा माझ्याकडे आला. "हवालदारसाहेब, आमच्या घरात सरकारी पट्टा मीच पैला बांधला की. गावानं वाजवत वेशीपर्यंत सोडलं. आता परत कुटल्या तोंडानं जाऊ?"

मी त्याच्यावरच ओरडलो आणि त्याला परेडला पिटाळले.

त्याच सुमारास एक म्हातारा शेतकरी ठाण्यात फिर्याद घेऊन आला. दक्षिणेकडच्या गावचा, सगळे बोलणे कानडीत. पांढरी बैलजोडी गोठ्यातून चोरीला जाऊन बरेच दिवस झाले होते. फौजदारसाहेब त्याच्यावर खेकसले, "इतके दिवस झोपला होतास काय?" म्हाताऱ्याला काही कळले नाही. तो नुसता हात जोडत राहिला. फिर्याद मी उतरवून घेतली आणि तो गावी परतला.

चार दिवस मी अस्वस्थ होतो. चोरीचे जनावर जत्रेच्या गर्दीत विकायला आणणे सगळ्यांत सोपे. बाजार उठला की जोड निजामाच्या हद्दीत, मोगलाईत जाणार आणि आमचे हात तिथे पोचणार नाहीत. बाजाराच्या शेवटच्या दिवशी बापाच्या वेळचा एक दलाल मला हुडकत आला.

"हवालदार, तळ्याकडच्या दावणीला एक जोड आयी है. सफेद. बेचनेवाले कू भोत घाई है. जनावर चांगला, आदमी अच्छा नै दिखता."

मी तडक फौजदारसाहेबांपुढे उभा राहिलो. "साहेब, जोड मी काढून देतो. पण माझी चारही पोरं ट्रेनिंगला जातील."

"ठाण्यात सौदा करतोस?"

"करतो. जोड नाही सापडली तर माझी हवालदारकी काढा."

ते हसले. माझी हवालदारकी जावी असे त्यांना फार दिवसांपासून वाटत होते. "ठीक," म्हणाले.

मी धोतर नेसलो, फेटा बांधला, वळसंगच्याला गडी म्हणून बरोबर घेतले. बाजारात धुरळा आणि कडब्याचा वास कोंदला होता. जोड पाहिली. शिंगे तासून रंगवलेली. पण जत्रेत सगळेच शिंगे तासतात, त्यावरून कोणाला धरता येत नाही. विकणारा चाळिशीतला, कानात भिकबाळी. दलालाच्या साक्षीने आम्ही बसलो. उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करायचा, ही बाजाराची रीत. मी हात पुढे केलाच नाही.

आपला भाव आधी सांगायचा नाही, हे मी पोरांना जबाब घेण्याबाबतही शिकवत असे. "तू चोरी केलीस ना?" असे विचारले की समोरचा नुसते "नाही" म्हणून तुमचाच माल तुम्हाला परत देतो. त्याला बोलू द्या.

मी म्हणालो, "बाजारात घेतलेला बैल मला नको. दहा दावणी फिरलेलं जनावर कशाला? घरचं असेल तर बोला."

"घरचंच की मालक!" तो उसळून म्हणाला. "माळशिरसाकडं मळा हाय माजा. घरच्या गाईची जोड, माज्या हातावर वाढलीय. दुसऱ्याची हाक अजून ऐकली न्हाय त्यांनी."

"खूर दाखवा मग."

त्याने बैलाच्या पायावर थाप मारली. "पाय! ए, पाय उचल की!" बैल रवंथ करत राहिला. दुसरी थाप, मग शिवी. बैल ढिम्म.

माझ्या मागून वळसंगचा हलकेच कानडीत "पाय उचल" म्हणाला, "काल एत्तु."

बैलाने पाय उचलला.

विकणारा दावे सोडू लागला आणि मी त्याचे मनगट धरले.

जत्रेतल्या चौकीत फौजदारसाहेब आले, पंच बोलावले. तो माणूस आता रडत होता. "साहेब, ह्या गड्यानं चिमटा काडला बैलाला! गरिबावर जुलूम हाय ह्यो!"

साहेब माझ्याकडे वळले. "हवालदार, बैलाची साक्ष कोर्टात न्यायची काय? फिर्यादीतल्या शिंगांचं वर्णन जुळत नाही. सोडा याला."

माझा पारा चढला. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी पंचांपैकीच एक व्यापारी म्हणाला, "लांबून करून दाखवा की. चिमट्याचा प्रश्नच मिटेल."

बैल चौकीपुढे उभे केले. वळसंगच्याला दहा पावले दूर, हात पाठीमागे बांधून उभे राहायला सांगितले. भोवती माणसे जमली. मी म्हणालो, "हं, बोल."

तो बोलेना.

"बोल की रे!"

तो माझ्याकडे नव्हे, फौजदारसाहेबांकडे पाहत होता. "साहेबांचा हुकूम हाय. ड्यूटीवर कानडी बोलायचं न्हाय. बोलू व्हय, साहेब?"

गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसले. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्या घटकेला त्या पोराची नोकरी, माझी हवालदारकी आणि म्हाताऱ्याची जोड एका माणसाच्या जिभेवर टांगलेली होती.

"बोल," साहेब पुटपुटले.

"काय म्हनलात, साहेब?"

"बोल म्हणतो ना! कानडीत बोल!"

त्याने हाक दिली. डाव्या बैलाने पाय उचलला. उजव्याला हाक दिली; त्यानेही उचलला. मग "बा, बा" म्हणताच दोघे दावे ताणून त्याच्याकडे निघाले. पंचनाम्यात मी हे सगळे जसेच्या तसे उतरवले.

मग मी त्या माणसाला समोर बसवले. चोरीचा शब्द काढला नाही. "तुमच्या घरी कानडी कोण बोलतं?"

"बायको, साहेब. तिचं म्हायेर तिकडचं."

"मग जोड तिनं वाढवली? मघाशी तुमच्या हातावर वाढली होती."

तो घुटमळला. दाराशी उभा असलेला माळशिरसचा धनगर शिपाई पुढे झाला. "मळा कुटला वो तुमचा? म्या बी तितलाच हाय. कुण्या वाटंला?"

एक मळा सांगायला त्याने तीन गावांची नावे घेतली. त्यानंतर फार वेळ लागला नाही. त्याने साथीदाराचे नाव दिले, आणि शिंगे कोठे तासली ती जागा स्वतः नेऊन दाखवली. तिथे म्हाताऱ्याच्या बैलांच्या घुंगुरमाळा पुरलेल्या निघाल्या. कोर्टात गुन्हा शाबित झाला तो त्या घुंगुरमाळांवर.

चौघे ट्रेनिंगला गेले. फौजदारसाहेबांनी तेवढा शब्द पाळला. पण वरिष्ठांकडे अहवाल गेला त्यात लिहिले होते की तपास त्यांच्या कल्पकतेने लागला. त्यांना बढती मिळाली. पुढच्या भरतीची तयारी माझ्याकडून काढून घेतली आणि ती पुन्हा निव्वळ मराठीत सुरू झाली. मी अर्ज केले, भांडलो, शिक्षाही भोगली. वर चढलो तो माझ्या जोरावर, पण तो वर्ग मला परत मिळाला नाही.

त्या तपासाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी जोड परत केली त्या दिवसाचे सांगतो. म्हातारा आला, बैलांच्या गळ्यांत हात घालून उभा राहिला. मग फौजदारसाहेबांकडे वळून कानडीत बरेच काही बोलला. साहेबांनी वळसंगच्याला विचारले, "काय म्हणतोय?"

"साहेब, तुमी त्यास्नी इचारलं होतं की, इतके दिवस झोपला होतास काय म्हनून. ते मी आज त्यास्नी कानडीत सांगितलं. त्येचं उत्तर देतायत. म्हनतायत, झोपलो न्हवतो. ठाण्यात माझं बोलणं समजणारा मानूस हाय हे ठावं असतं, तर त्याच दिवशी आलो असतो."

अहवालात साहेबांनी पुष्कळ काही लिहिले. हे वाक्य लिहिले नाही. म्हणून ते मी इथे लिहिले आहे.