कुणाची गो तू?

महाडच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर तो बसायचा. मूळचा कुडपण गावचा. आम्ही दोघंही कॉम्प्युटर विभागात, शिक्षणही सारखंच. नवा माणूस दिसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुणाचा रे तू?" वॉचमन असो नाहीतर टँकरचा ड्रायव्हर, सगळे खुशीत आपलं गाव, घराणं सांगत बसायचे. माझ्याशी मात्र लोक कामापुरतंच बोलत. मला ते खुपायचं.

मुंबई ऑफिसातला आमचा सर्व्हर रोज दुपारी रखडायला लागला. "तुमच्यासाठी स्वतंत्र मशीन दिलीय," असं मुंबईवाले फोनवर छातीठोकपणे सांगत, म्हणून मी इथली इंटरनेटची लाईनच तपासत बसलो. यानं एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं एक कमांड टाइप केली आणि इथूनच त्या मशीनला विचारलं, "कुणाची गो तू?"

पडद्यावर उत्तर उमटलं, पण त्यात बनवणाऱ्याच्या जागी कॉम्प्युटर कंपनीचं नाव आलंच नाही. आभासी मशीन तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचं आलं.

"ही खरी मशीन नाय," तो हसला. "दुसरीच्या पोटात ऱ्हाते. तिथं आणखी चारजणी असतील. त्या जेवायला बसल्या की ही उपाशी."

ती कमांड मलाही पाठ होती. विचारायचं सुचलं त्याला.

तेवढ्यात साहेब तणतणत माझ्याच टेबलापाशी आले. "सापडलं का काही?"

"ह्यानंच शोधलं, साहेब," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवसापासून त्याच्यावर मोकळेपणी जळायचीही सोय उरली नाही.